मायोसायटिसचा रिपोर्ट घरच्यांनी कसा वाचायचा: अँटीबॉडी, सीपीके, फेरिटिन, केएल-६ आणि फुफ्फुसं

मायोसायटिस प्रोफाइल, म्हणजे स्नायूंच्या सुजेच्या आजाराच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट, करून घेतली, काही हजार रुपये गेले, थोड्या दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ आली, त्यात पंधरा-सोळा ओळी, जवळजवळ सगळ्यांसमोर नेगेटिव्ह आणि एका विचित्र नावासमोर पॉझिटिव्ह, आणि डॉक्टरांची वेळ मिळालीये थेट पुढच्या आठवड्यातली. हे मधले दिवस फार वाईट असतात, घरातला प्रत्येक जण ते नाव गूगलवर टाकतो, सगळ्यात भयंकर ओळ वाचतो आणि कोणालाच काही न सांगता गप्प बसतो. त्या दिवसांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाहीये. माझ्या आईला अँटीसिंथेटेज सिंड्रोम आहे, म्हणजे याच आजाराचा एक प्रकार, पीएल-७ नावाच्या अँटीबॉडीवाला, तिची फाइल मी सांभाळते, आणि तिच्या रुमॅटॉलॉजिस्टना (सांध्यांच्या आणि अशा आजारांच्या डॉक्टरांना) आणि छातीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून, मिळेल ते वाचून जे पक्कं समजलंय तेवढंच इथे आहे. औषध कुठलं घ्यायचं, किती घ्यायचं हे डॉक्टरच ठरवणार, आपण निदान त्यांच्यासमोर बसल्यावर नीट प्रश्न विचारू शकलो तरी खूप फरक पडतो.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. हा ऑटोइम्युन आजार, म्हणजे आपलीच इम्युनिटी आपल्या स्नायूंवर उलटते, कधी कातडीवर, कधी फुफ्फुसावर, कधी सगळ्यांवर एकदम. स्नायूंना सूज आली की मायोसायटिस, फुफ्फुसाच्या बारीक पिशव्यांमधल्या पातळ पडद्यात सूज किंवा व्रण झाले की आयएलडी म्हणजे इंटरस्टिशियल लंग डिसीज. दोन्ही बरोबरच येतील असं नाही, आधी खोकला आणि दोन वर्षांनी स्नायू असंही होतं, किंवा स्नायू कधीच नाहीत असंही.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. अँटीबॉडी म्हणजे आजाराचं आडनाव, तो कुठल्या घराण्यातला आहे आणि कुठे कुठे शिरू शकतो ते त्यावरून कळतं, आणि ते बहुतेक वेळा एकदाच तपासायचं असतं. सीपीके, फेरिटिन, केएल-६ ही जी प्रोटीन्स रक्तात फिरत असतात ती आज आजार किती भडकलाय ते सांगतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा करायची. होतं काय की बरेच लोक उलटं करतात, दर सहा महिन्यांनी अख्खी महागडी प्रोफाइल परत करतात की आता तरी निगेटिव्ह आली का बघू, आणि फुफ्फुसाची टेस्ट मात्र दम लागत नाही म्हणून वर्षभर पुढे ढकलतात. पैसा तिथे घाला जिथे उत्तर बदलणार आहे.

रक्त द्यायच्या आधी

आयव्हीआयजी द्यायचं ठरलं असेल तर अँटीबॉडीचं रक्त त्याच्या आधी काढून घ्या. आयव्हीआयजी म्हणजे हजारो डोनर लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडीजच असतात, त्या पेशंटच्या रक्तात मिसळल्यावर रिपोर्टमध्ये जे दिसतं ते नक्की कोणाचं आहे हे सांगणं अवघड जातं. प्लाझ्मा बदलण्याचं ठरलं तरी तसंच, आधी रक्त. स्टेरॉइड मात्र सुरू झालं असेल तर लगेच घाबरू नका, स्टेरॉइडने अँटीबॉडी लगेच गायब होत नाही, पण सीपीके भराभर उतरतो, त्यामुळे स्टेरॉइडच्या आधीचा एक सीपीके हातात असणं फार मोलाचं आहे.

सीपीके करायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत जिम, डोंगर चढणं, लग्नाच्या घरात दिवसभर सामान उचलणं हे नको, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, यानेसुद्धा आकडा वर जातो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगाच, काही टेस्टच्या पद्धतीत बायोटिन गडबड करतं, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीये का ते बघायची टेस्ट) आणि थायरॉइडमध्ये खास करून. आणि कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅटोर्वास्टॅटिन असो की रोसुवास्टॅटिन, कधीपासून आणि किती पॉवरची ते लिहून न्या. नुसतं "बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत" असं सांगितलं तर ही गोळी त्यात बुडून जाते.

एएनए, म्हणजे ऑटोइम्युन आजाराची शंका आली की सर्रास करतात ती अँटीबॉडीची टेस्ट, तिच्याबद्दल इथेच सांगते कारण यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. एएनए निगेटिव्ह आली म्हणजे ऑटोइम्युन नाही असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पण अँटीसिंथेटेजच्या अँटीबॉडीज ज्या प्रोटीनवर धावून जातात ती पेशीच्या केंद्रकात नसतातच, बाहेर सायटोप्लाझ्ममध्ये असतात, आणि एएनए मुख्यतः केंद्रक बघते. त्यामुळे एएनए निगेटिव्ह आणि जो-१ (अँटीसिंथेटेजमधलीच एक) पॉझिटिव्ह हे अगदी शक्य आहे. एमडीए-५ या दुसऱ्या अँटीबॉडीचंही तसंच, दोन्हींबद्दल खाली येईलच. म्हणून एएनए इम्युनोफ्लुरोसन्सने (चमकणारा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघून) झालेली असेल तर खालची कॉमेंट वाचा, तिथे "सायटोप्लाझ्मिक पॅटर्न दिसतोय" असं काही लिहिलेलं असेल तर वर निगेटिव्ह असूनही ती ओळ डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा.

अँटीबॉडीच्या ओळी

बहुतेक ठिकाणी ही टेस्ट लाइन ब्लॉटवर होते, म्हणजे एका पट्टीवर वेगवेगळी प्रोटीन्स ओळीने लावलेली असतात, रक्तात त्याची अँटीबॉडी असेल तर तिथे रेघ उमटते, रेघ किती गडद त्यावर बॉर्डरलाइन, पॉझिटिव्ह, स्ट्राँग पॉझिटिव्ह. टेस्ट चांगली आहे पण निर्दोष नाही. फिकट रेघ कित्येकदा काहीच नसताना उमटते, विशेषतः एकाच रिपोर्टमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या मायोसायटिसच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह दिसल्या तर शंका घ्या, कारण खऱ्या पेशंटमध्ये सहसा एकच मुख्य अँटीबॉडी असते. उलट बाजूने ओजे सारखी अँटीबॉडी ही पट्टी बरेचदा पकडतच नाही. तेव्हा फिकट पॉझिटिव्ह असेल आणि अंगावर तशी लक्षणं काहीच नसतील तर डॉक्टरांना विचारा की दुसऱ्या पद्धतीने कन्फर्म करता येईल का, आणि लक्षणं ढळढळीत असून सगळं निगेटिव्ह आलं तर आजार नाही असा अर्थ काढू नका.

आता एकेक. जो-१, पीएल-७, पीएल-१२, ईजे, ओजे यातलं काही पॉझिटिव्ह असेल तर घराणं अँटीसिंथेटेजचं. आपल्या पेशीत प्रोटीन बनवताना अमिनो आम्ल उचलून जागेवर आणून देणारी एन्झाइम्स असतात, त्यांच्यावरच ही अँटीबॉडी हल्ला करते, जो-१ म्हणजे हिस्टिडिनवाल्या एन्झाइमवर, पीएल-७ थ्रिओनिनवाल्या, पीएल-१२ अ‍ॅलानिनवाल्या. जो-१ सगळ्यात जास्त सापडते, १९८० मध्ये ती पहिल्यांदा नोंदवली गेली. या घराण्याची लक्षणं ठरलेली: स्नायूंची कमजोरी, आयएलडी, सांधे सुजणं, बारीक ताप, थंडीत किंवा थंड पाण्यात बोटं पांढरी-निळी पडणं, आणि बोटांच्या कडांना, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या आतल्या बाजूला खास करून, कातडी जाड होऊन भेगा पडणं. याला डॉक्टर मेकॅनिक हँड म्हणतात. आईच्या हातांना त्या भेगा होत्या, काळपट, रेघेरेघेने, चपातीचं पीठ त्यात अडकायचं आणि धुतलं तरी निघायचं नाही, आणि घरात सगळ्यांनी, मी धरून, भांड्याच्या साबणाची अ‍ॅलर्जी म्हणून ग्लोव्हज आणून दिले. आपल्याकडे बायकांच्या हातांना भेगा म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय, खोकला किंवा दम आणि असे हात बरोबर असतील तर डॉक्टरांसमोर हात उलटे करून दाखवा.

यात एक फरक महत्त्वाचा. जो-१ मध्ये स्नायू आणि फुफ्फुस दोन्ही बऱ्यापैकी दिसतात, पीएल-७ आणि पीएल-१२ मध्ये मात्र फुफ्फुसच पुढे असतं आणि स्नायू कित्येकदा ठीक असतात, सीपीके नॉर्मल असतो. त्यामुळे पेशंट रुमॅटॉलॉजिस्टकडे पोचायलाच उशीर होतो, आधी दमा म्हणून पंप, मग टीबी म्हणून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा कोर्स. छातीत डाग, बारीक ताप, वजन उतरलेलं, असं चित्र असलं की आपल्या भागात टीबीच आधी आठवणार, त्यात डॉक्टरांची चूक म्हणता येत नाही. पण थुंकीत किंवा सीबी-नॅटमध्ये (टीबीच्या जंतूचा जीन शोधणारी टेस्ट) काहीच सापडलेलं नाही, एकेटी चालू असून डाग वाढतायत, आणि जोडीला सांधे किंवा हात दुखतायत, तर मायोसायटिस प्रोफाइल करायची का हे स्वतःहून विचारा. एकेटी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

एमडीए-५ ही ओळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ही अँटीबॉडी २००५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी पहिल्यांदा दाखवली, असे पेशंट ज्यांच्या कातडीवर डर्मॅटोमायोसायटिसचे (कातडीवर चट्टे येणाऱ्या मायोसायटिसचे) चट्टे होते पण स्नायू जवळजवळ ठणठणीत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची फुफ्फुसं काही आठवड्यांत बिघडत गेली. एमडीए-५ हे मुळात व्हायरसचा आरएनए ओळखणारं पेशीतलं प्रोटीन. ताकद चांगली आहे, सीपीके नॉर्मल आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात, आणि इथेच धोका आहे. तळहातावर, बोटांच्या पेरांच्या आतल्या बाजूला दुखऱ्या लालसर पुटकुळ्या, बोटांच्या टोकांना किंवा कोपराला जखमा, तोंड येणं, केस गळणं, सांधे, ताप. प्रत्येकाचं फुफ्फुस बिघडतंच असं अजिबात नाही, हळूहळू चालणारा किंवा नुसता कातडीचा आजार असणारेही आहेत, पण कोण कुठल्या वाटेने जाणार ते पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष ठेवूनच कळतं. वेगाने बिघडत असेल तर डॉक्टर सुरुवातीलाच दोन-तीन औषधं एकदम देतात, स्टेरॉइडबरोबर टॅक्रोलिमस, सायक्लोफॉस्फमाइड, रिटुक्झिमॅब, टोफासिटिनिब असं काहीतरी, तेव्हा एवढी औषधं एकदम कशाला म्हणून वेळ घालवू नका.

आरओ-५२ ही ओळ अनेकदा बाकीच्यांच्या सोबतीने येते. एकटी असेल तर तिचा अर्थ मोघम आहे, शोग्रेन, ल्युपस, स्क्लेरोडर्मा अशा इतर ऑटोइम्युन आजारांत, कशातही दिसते. पण जो-१ किंवा एमडीए-५ च्या जोडीला असेल तर फुफ्फुसाचा त्रास जास्त असण्याकडे कल असतो, म्हणून "ती आरओ तर साधीच असते" म्हणून सोडून देऊ नका. आणि घरातली पेशंट मूल होण्याच्या वयाची असेल तर आरओ पॉझिटिव्ह असल्याचं गायनॅकॉलॉजिस्टना गरोदरपणाच्या आधीच सांगायला हवं, या अँटीबॉडीज वारेतून बाळाकडे जातात आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मायकोफेनोलेट (इम्युनिटी दाबणारी गोळी) चालू असेल तर तेही दिवस राहायच्या आधी बदलावं लागतं.

टीआयएफ-१ गॅमा आणि एनएक्सपी-२, मोठ्या माणसांमध्ये या दोन ओळी पॉझिटिव्ह असल्या की कॅन्सर शोधायचा, खास करून वय चाळिशीच्या पुढे असेल तर. हे वाचून छातीत धस्स होतं, मला माहितीये. पण याचा अर्थ कॅन्सर आहे असा नाही, शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे म्हणून नीट शोधा असा आहे, आणि ही उलट संधी आहे, कारण लवकर सापडलेला आणि उशिरा सापडलेला यात जमीन-अस्मानाचा फरक. आजार सुरू झाल्याच्या आगेमागे तीन वर्षं हा काळ जास्त जपायचा. २०२३ मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आलीये, त्यात जास्त धोक्याच्या पेशंटसाठी मान, छाती, पोट, ओटीपोटाचा सीटी, बायकांना मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी अशा गोष्टी आहेत, त्यातलं आपल्याला काय लागू आहे ते विचारून घ्या. जो-१ वगैरे अँटीसिंथेटेजवाले यात कमी धोक्याच्या गटात येतात. आणि लहान मुलांमध्ये याच दोन अँटीबॉडी असल्या तर कॅन्सरची ही भीती लागू नाही, एनएक्सपी-२ मध्ये मुलांना कातडीखाली कॅल्शियमच्या गाठी होऊ शकतात तेवढं बघायचं.

एसआरपी आणि एचएमजीसीआर, हे दोघे स्नायूंचे शत्रू, सीपीके हजारोंच्या घरात जातो. एचएमजीसीआर म्हणजे ज्या एन्झाइमवर स्टॅटिनची गोळी काम करते त्याच्याच विरुद्धची अँटीबॉडी. साधा स्टॅटिनचा स्नायूदुखीचा त्रास गोळी बंद केली की जातो, हा मात्र गोळी बंद करूनही चालूच राहतो, त्याला इम्युनिटी दाबणारी औषधं लागतात. बऱ्याच लॅबच्या पट्टीवर एचएमजीसीआर नसतेच, वेगळी सांगावी लागते, तेव्हा सीपीके पाच-सात हजार आणि प्रोफाइल पूर्ण निगेटिव्ह असं असेल तर ती केलीये का हे बघा. एमआय-२ म्हणजे कातडीवरची नेहमीची लक्षणं, औषधाला सहसा चांगला प्रतिसाद. पीएम-एससीएल, केयू, यू१-आरएनपी या ओळी मिश्र आजारांच्या, स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपसची छटा असते, त्यातही फुफ्फुस बघायचंच.

प्रोटीनचे आकडे

सीपीके, ज्याला सीके पण म्हणतात. स्नायूच्या पेशी फुटल्या की हे रक्तात सांडतं, साधारण २०० च्या आत असायला हवं, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पण आकडा मोठा म्हणजे माणूस जास्त आजारी असा सरळ हिशोब नाही. औषध सुरू केल्यावर आकडा आधी उतरतो आणि ताकद नंतर, काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते, तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आला तरी आई उठत का नाही" म्हणून तिच्यावर चिडू नका. उलट बाजूने, नॉर्मल झालेला सीपीके दोन तपासण्यांमध्ये हळूहळू चढायला लागला तर ते आजार परत डोकं वर काढत असल्याचं चिन्ह असू शकतं, ताकद कमी व्हायच्या आधीच.

एसजीओटी आणि एसजीपीटी. माझ्या मते या दोन आकड्यांपायी आपल्याकडे सगळ्यात जास्त महिने वाया जातात. ही दोन्ही एन्झाइम्स लिव्हरमध्ये असतात हे सगळ्यांना माहितीये, पण ती स्नायूतही असतात. एसजीओटी १८०, एसजीपीटी १४० असा रिपोर्ट आला की काविळीची औषधं, लिव्हरचं टॉनिक, तेल-तूप बंद, सोनोग्राफी, आणि हे सगळं चालू असताना पेशंट जमिनीवरून उठताना खुर्चीचा आधार घेतोय याकडे कोणाचं लक्षच नसतं. ओळखायचं कसं, तर त्याच रक्तात जीजीटी (हेही लिव्हरचं एन्झाइम) आणि सीपीके करा. जीजीटी स्नायूत नसतं. जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल, सीपीके वर, तर बोट स्नायूकडे जातं. नंतर इम्युनिटी दाबणारं मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन चालू झाल्यावर हेच आकडे परत वाढले तर तेव्हा मात्र लिव्हर की स्नायू हे डॉक्टरांना नव्याने बघावं लागतं, आणि तिथेही जीजीटीच कामाला येतं.

ट्रोपोनिनचंही असंच. मायोसायटिसच्या पेशंटला छातीत जड वाटलं, कॅज्युअल्टीत नेलं, ट्रोपोनिन टी वाढलेलं आलं की हार्ट अ‍ॅटॅकची धावपळ. ट्रोपोनिन टी आजारी स्नायूतूनही येऊ शकतं, ट्रोपोनिन आय त्या मानाने हृदयाचंच. म्हणून तिथल्या डॉक्टरांना मायोसायटिस आहे हे आधी सांगायचं आणि ट्रोपोनिन आय करता येईल का विचारायचं, ईसीजी आणि बाकी तपासण्यांना अडवायचं मात्र नाही, कारण हा आजार हृदयाच्या स्नायूतही जाऊ शकतो.

फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवणारं प्रोटीन, पण अंगात सूज भडकली की तेही वर चढतं. एमडीए-५ मध्ये याला खास महत्त्व, चढत जाणारं फेरिटिन म्हणजे फुफ्फुस वेगाने बिघडण्याचा धोका जास्त, आकडा ५००, १००० ओलांडून जात असेल तर डॉक्टर सावध होतात. आपल्याकडे एक बारकावा आहे, बऱ्याच बायकांचं फेरिटिन मुळात १०-१५ असतं कारण रक्त कमी, अशा बाईचं फेरिटिन ३०० आलं तर रिपोर्टवर फार काही लाल दिसणार नाही पण तिच्यासाठी ती मोठी उडी आहे. जुना रिपोर्ट असेल तर शोधून काढा. डेंग्यू, टीबी, इतर इन्फेक्शनमध्येही हे वाढतं, म्हणून एकट्या फेरिटिनवरून काही ठरवायचं नाही.

केएल-६ फुफ्फुसाच्या पिशव्यांना अस्तर लावणाऱ्या पेशींवर असतं, त्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं. १९८० च्या दशकात जपानमध्ये हिरोशिमाच्या संशोधकांनी ते शोधलं, सुरुवातीला कॅन्सरची खूण म्हणून, मग लक्षात आलं की आयएलडीमध्ये ते जास्त उपयोगी आहे. जपानमध्ये ५०० युनिटच्या वर म्हणजे जास्त असं धरतात आणि तिथे ही रोजची टेस्ट आहे, आपल्याकडे सगळीकडे होत नाही. सर्फॅक्टंट प्रोटीन डी ही तशीच दुसरी. माझं मत स्पष्ट आहे, केएल-६ मिळत असेल आणि परवडत असेल तर एकदा सुरुवातीला करून ठेवा आणि मग त्याच लॅबमध्ये काही महिन्यांनी, आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते बघायला. नाही मिळाली तरी अडत नाही, तेच पैसे पीएफटीला, म्हणजे फुंकर मारून करायच्या फुफ्फुसाच्या टेस्टला वापरा. फुफ्फुसाचा, स्तनाचा असे काही कॅन्सर आणि फुफ्फुसाचे इतर आजार यातही केएल-६ वाढतं, हे लक्षात असू द्या.

सीआरपी आणि ईएसआर, या अंगातली सूज दाखवणाऱ्या टेस्ट, नॉर्मल असतानाही हा आजार चालू असू शकतो, एवढं पुरे.

फुफ्फुसं

अँटीसिंथेटेज, एमडीए-५, किंवा आरओ-५२, पीएम-एससीएल, केयू यातलं काही असेल तर दम लागत असो वा नसो, सुरुवातीलाच एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारीक सीटी स्कॅन) आणि पीएफटी, तेही डीएलसीओ सकट. साधा एक्स-रे सुरुवातीचं बरंच काही दाखवत नाही. आणि दम लागत नाही यावर विश्वास ठेवू नका, कारण स्नायू कमजोर झालेला माणूस मुळात चालतच कमी, जिना चढतच नाही, मग दम लागणार कुठून.

पीएफटीमध्ये दोन आकडे बघा. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर काढता येते, डीएलसीओ म्हणजे फुफ्फुसातून रक्तात गॅस किती सहज जातो. आयएलडीमध्ये डीएलसीओ बरेचदा आधी उतरतो. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर डीएलसीओ खोटाच कमी दिसतो, म्हणून त्याच आठवड्यातलं हिमोग्लोबिन लॅबला द्या आणि त्याप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा मागा. एफव्हीसी कमी होण्याचं दुसरंही कारण इथे असतं, श्वासाचे स्नायूच कमजोर असतील तरी हवा कमी निघते, फुफ्फुस चांगलं असूनही. अशा माणसाला आडवं झोपल्यावर जास्त दम लागतो, उशा वाढतात, हे डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. आधीच्या पीएफटीपेक्षा एफव्हीसी १० टक्क्यांनी उतरली तर तो मोठा बदल समजतात, वर्षभरात पाचची घसरणही इतर खुणांबरोबर आली तर दुर्लक्ष करायची नाही.

घरी ऑक्सिमीटर बऱ्याच जणांकडे आहे. बसल्या जागी ९७ येतं आणि घरचे खूश होतात, पण बघायचं चालल्यावर. घरातल्या घरात किंवा गॅलरीत सहा मिनिटं चालवा, जमेल त्या वेगाने, आणि चालताना बोट बघा. चार किंवा त्याहून जास्त अंकांनी खाली आलं, किंवा ९० च्या खाली गेलं, तर डॉक्टरांना कळवा. बोटं गार-पांढरी पडलेली असतील, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, आधी हात गरम करा. सावळ्या कातडीवर ही मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतात, त्यामुळे आकडा बरा आणि माणूस बेजार असं असेल तर माणसाकडे बघा.

फाइलमधला एक कागद

सगळे रिपोर्ट असतातच, पण डॉक्टरांना पाच मिनिटांत शंभर पानं चाळता येत नाहीत. एक आडवा कागद करा. तारीख, सीपीके, एसजीओटी, एसजीपीटी, फेरिटिन, हिमोग्लोबिन, एफव्हीसी, डीएलसीओ, चालल्यावरचा ऑक्सिजन, आणि त्या दिवशी स्टेरॉइड किती मिलिग्रॅम चालू होतं. हा शेवटचा रकाना विसरू नका, १० मिलिग्रॅमवर सीपीके ४०० आणि ४० मिलिग्रॅमवर ४०० यांचे अर्थ पूर्ण वेगळे. त्यापुढे ताकदीची एक नोंद आपल्या शब्दांत: हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता आलं, मांडी घालून बसल्यावर आधाराशिवाय उठता आलं का, वेणी घालताना हात खाली आणावे लागले का, वरच्या फळीवरचा डबा काढता आला का, देशी संडासातून उठता आलं का, पाणी पिताना ठसका लागतो का. आमच्याकडे आई हे सगळं डॉक्टरांसमोर "बरंय आता" एवढ्यावर उरकायची, बहुतेक सगळ्यांच्या आया हेच करतात, म्हणून घरी तिच्यासमोरच लिहायचं आणि तिलाच वाचून दाखवायला लावायचं.

लॅब शक्यतो एकच ठेवा. अँटीबॉडीच्या रिपोर्टचा फोटो कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पूर्ण पीडीएफ, कुठल्या पद्धतीने केली ते ज्या पानावर आहे त्या पानासकट. एचआरसीटीची सीडी किंवा लिंक जपून ठेवा, नुसता लिहिलेला रिपोर्ट पुरत नाही, पुढच्या वेळी जुनी चित्रं शेजारी लावून बघावी लागतात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी असे विचारते: ही अँटीबॉडी लक्षणांशी जुळते का, की फक्त रेघ आहे? फुफ्फुसाची पुढची तपासणी कधी? आमच्या केसमध्ये आजार चालू आहे की शांत हे कुठल्या आकड्यावरून बघायचं? कॅन्सरची तपासणी आम्हाला किती लागू? रिटुक्झिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी आणि टीबी बघितलं का? जास्त डोसचं स्टेरॉइड असताना न्यूमोनिया टाळायची गोळी हवी का? छातीचे डॉक्टर आणि रुमॅटॉलॉजिस्ट दोघांकडे एकच कागद न्या, दोघांचं बोलणं होत नसेल तर तो कागदच दोघांमधलं बोलणं असतो.

लगेच निघायचं कधी

दम काही दिवसांत वाढतोय, आठवड्यापूर्वी बाथरूमपर्यंत जमत होतं आणि आज बोलतानाही लागतोय. ताप आणि खोकला इम्युनिटी दाबणाऱ्या औषधांवर असताना, कारण तो आजारही असू शकतो आणि इन्फेक्शनही, आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत. गिळता येत नाही, पाणी नाकातून येतंय. लघवी कोकसारखी गडद झाली. मान उचलून धरता येत नाही. यात सकाळ होऊ दे म्हणून थांबायचं नाही, आणि स्टेरॉइड आपल्या मनाने अचानक बंदही करायचं नाही.

कॅज्युअल्टीत रात्री जे डॉक्टर असतात त्यांनी असा पेशंट आधी बघितलेला असेलच असं नाही, त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांत सांगा: ऑटोइम्युन मायोसायटिस आहे, ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे, फुफ्फुसात आयएलडी आहे किंवा होण्याचा धोका आहे, ही औषधं चालू आहेत, मागच्या वेळी चालताना ऑक्सिजन एवढा होता आणि आज एवढा आहे. मग तो आडवा कागद आणि मागची एचआरसीटी त्यांच्या हातात द्या आणि नेहमीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून द्या.